एक वायर, दोन वायरी

माझ्या छातीतल्या मशीनला एक वायर होती आणि अक्कांच्या मशीनला दोन. एकाच आठवड्यात, एकाच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर आम्हाला त्या बसवल्या. पुढं दहा वर्षं दर सहा महिन्यांनी आम्ही एकाच बाकावर बसलो. पण तुमची मशीन तुम्हाला आतून कशी लागते, हे त्यांना विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

आमचे हे गलाईवाले. सांगलीकडच्या आमच्या भागातली माणसं देशभर ह्याच कामाला जातात. जुने दागिने वितळवायचे, खोट काढायची, शुद्ध सोनं परत द्यायचं. लग्न होऊन मी चेन्नईला आले ती टी. नगरातल्या एका दुकानाच्या माडीवर. खाली भट्टी, तेजाबाचा धूर. बाहेर साड्यांच्या दुकानांची गर्दी. मी चौथी शिकलेली, त्यातून मुळातच लाजाळू. इथली भाषा कानावर पडली की मी पदर ओढून आत जायची. ह्यांनी मला एकच वाक्य शिकवलं. "कुणी काही विचारलं तर 'नल्ला इरुक्केन' म्हण. मी बरी आहे. म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही."

खरंच येत नसे.

नंतर आम्ही अंबत्तूरला आलो. वरच्या मजल्यावरचं पोर्शन, एक खोली आणि स्वयंपाकघर, बाहेरून जिना. एकोणीस पायऱ्या. तिथंच एका सकाळी भाकरी थापताना मी पडले. शुद्धीवर आले तेव्हा तव्यावरची भाकरी कोळसा झाली होती आणि हे माझ्या तोंडावर पाणी मारत होते. दवाखान्यात कळलं की माझं हृदय चालता चालता मध्येच थांबतं, आणि परत सुरू व्हायला वेळ लावतं. पेसमेकर बसवावा लागेल.

डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, मशीन दोन प्रकारची. एका वायरीची फक्त हृदयाच्या खालच्या कप्प्याला ठोका देते. दोन वायरींची वरच्या आणि खालच्या, दोन्ही कप्प्यांना सांभाळते, आधी वरचा, मग खालचा, जसं देवानं ठेवलं आहे तसं.

ह्यांनी विचारलं, "माणूस कशावर जास्त जगतं?"

डॉक्टर म्हणाले, "वर्षांत फारसा फरक दिसत नाही. दोन वायरींवर पुष्कळांना जास्त बरं वाटतं. पण जितक्या वायरी जास्त, तितका त्या सरकण्याचा, पू होण्याचा धोकाही थोडा जास्त. काहींना एक वायर मानवत नाही, काहींना छान चालते."

ह्यांना विचार करायला वेळ लागला नाही. दागिन्याला जिथं डाग दिलेला असतो, म्हणजे जिथं जोड असतो, तिथंच खोट सापडते, हे ते जन्मभर बघत आले होते. "जितके डाग कमी तितकं बरं," ते मला मराठीत म्हणाले, आणि डॉक्टरांना एक बोट दाखवलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी ह्यांच्याच तोंडाकडं बघितलं असतं.

शेजारच्या खाटेवर एक गोऱ्या, उंच, नाकात दोन्हीकडं चमकी घातलेल्या बाई होत्या. त्या नर्सशी तमिळमध्ये भांडत होत्या. मला वाटलं, इथल्याच. मी ह्यांना "पाणी द्या" म्हटलं तशी त्यांनी मान वळवली.

"अगे, तूं मराठी कां?"

त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी तंजावरला आलेले. त्यांची मराठी म्हणजे पोथी उघडून त्यातून कुणी सांबारभाताबद्दल बोलावं तशी. बोलणं जुनं, चाल सगळी तमिळ. सुरुवातीला मला हसू यायचं. त्यांनाही माझं यायचं. "तुमची मराठी कशी घोड्यावर बसून बोलल्यासारखी," त्या म्हणायच्या. वयानं दहा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना अक्का म्हणायला लागले. मालक रेल्वेतून निवृत्त झालेले, घरात नातवंडं, पण ती सगळी तमिळ नाहीतर इंग्रजी बोलणारी. "माझ्या घरांत मराठीला मीच एक भिंत उरलें," असं एकदा म्हणाल्या होत्या.

अक्कांच्या मशीननं त्यांना पहिल्या दोन वर्षांत छळलं. दुसऱ्याच महिन्यात एक वायर जागची सरकली, परत छाती उघडावी लागली. मग टाक्याच्या जागी पू झाला, परत दवाखाना. माझं मात्र काही नाही. जखम भरली, व्रण पुसट झाला. हे मला म्हणायचे, "बघ, एक डाग, एकही तक्रार नाही." चौथ्या वर्षी हे गेले. मशीनबद्दलची त्यांची ती खात्री मी तशीच ठेवून घेतली. त्यांच्या हातच्या दुसऱ्या वस्तू फार उरल्या नव्हत्या.

मुलगा ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात लागला. लांब पडतं म्हणून तिकडंच चौघांत खोली घेऊन राहतो. शिफ्टप्रमाणं दोन-तीन आठवड्यांनी रविवारी येतो, पोटभर जेवतो, झोपतो, जातो. रोज फोन करतो, ते मात्र चुकवत नाही.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे. जेवलास का?"

"जेवलो. गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं, ठेवतो मग."

कितीतरी दिवस असे गेले की दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले शब्द एवढेच. दुधाची पिशवी दाराला अडकवलेली असते. भाजीवाल्याला बोटानं दाखवलं की तो देतो. खालच्या घरमालकीण बाई दिसल्या की हसतात, मी हसते. नल्ला इरुक्केन.

आणि माझ्या मानेत ते उडायचं. मशीन बसवल्यापासूनच. जरा बसलं, आडवं झालं की गळ्याच्या दोन्ही बाजूंना धप धप, आतून कुणी अंगठ्यानं दाबावं तसं. त्याबरोबर डोळ्यापुढं अंधारी, पाय गळून गेलेले. एकोणीस पायऱ्यांत मी दोनदा थांबायची. पहिल्यांदा सातव्या पायरीवर, मग चौदाव्या. दोन कळशा पाणी आणायचं तर मध्ये तासभर बसून काढायची. मला वाटायचं, छातीत मशीन आहे म्हटल्यावर तिचा आवाज येणारच. पिठाची गिरणी चालू असेल तर जमीन हादरते. मग माणूस का नाही हादरणार? आणि खरं लिहायचं तर संध्याकाळी रिकाम्या घरात ते धप धप सोबतीसारखं वाटायचं. कुणीतरी आहे, आणि त्याला आपली काळजी आहे, असं.

सहा महिन्यांनी एकदा तपासणीची तारीख यायची. त्या दिवसासाठी मी शेंगदाण्याची चटणी कुटायची. अक्का केळीच्या पानात बांधून दहीभात आणायच्या. मशीन तपासणारी बाई आमच्या छातीवर मशीन वाचणारा एक गोल ठोकळा ठेवायची, पडद्यावर बघायची, मला विचारायची, "अम्मा, त्रास?" मी म्हणायची, "नल्ला इरुक्केन." कागदावर खूण व्हायची. मग आम्ही दोघी बाकावर बसून दहीभातात चटणी कालवून खायचो आणि मी सहा महिन्यांचं बोलून घ्यायची. घरी जाताना घसा दुखायचा माझा, इतकं बोलायची.

ह्या वेळी गेले तर तपासणाऱ्या बाईनं सांगितलं, मशीनची बॅटरी संपत आली. पुढच्या आठवड्यात भरती व्हा, बॅटरीची डबी बदलू. वायर चांगली आहे, तीच ठेवू. अक्कांची डबी तीन महिन्यांपूर्वीच बदलली होती.

बाकावर एक तरुण डॉक्टरीण बाई फॉर्म घेऊन आल्या. ज्यांना मशीन बसवून पुष्कळ वर्षं झाली, त्यांच्यात एका वायरीवाले कसे आहेत आणि दोन वायरीवाले कसे, हे त्यांना ताडून बघायचं होतं. आधी अक्कांना विचारलं. तमिळमध्ये चाललं होतं, पण इतक्या वर्षांत ऐकून मला कळतं, बोलता येत नसलं तरी.

जिना चढता येतो? किती मजले? चक्कर? अक्का फटाफट उत्तरं देत होत्या. मग त्या बाईंनी विचारलं, "बसल्या बसल्या मान उडते का? गळ्यात ठोके?"

अक्का हसल्या. "मान उडायला मी काय कापलेली कोंबडी आहे?"

त्या बाईही हसल्या आणि 'नाही'वर खूण केली. मी तिथंच बसले होते. माझी मान त्या क्षणीही उडत होती. मला एकदम असं झालं, की आपण दहा वर्षं ज्याला घराचा नियम समजत होतो तो फक्त आपल्याच घरात होता.

मग माझी पाळी. जिना? मी मान हलवली, येतो. चक्कर? "ओन्नुम इल्लै." काही नाही. गळ्यात ठोके?

आता सांगायचं होतं. तोंड उघडलं मी. पण समोर ती शिकलेली मुलगी, हातात पेन, मागं ओळीत माणसं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नल्ला इरुक्केन."

खूण झाली. फॉर्म गठ्ठ्यात गेला. एका वायरीवाली, दहा वर्षं, काही तक्रार नाही.

त्या गेल्यावर मी हळूच विचारलं, "अक्का, तुमच्या मानेत खरंच काही उडत नाही?"

अक्कांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग सरळ माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "हें कधींपासून?"

"पहिल्यापासून."

"दहा वर्षें? आणिक आतां तिला काय सांगलीस? मी ऐकलें ना, नल्ला इरुक्केन म्हणून! असें कोण करतें? मज सांगायचें नाहीं कां?"

"मला वाटलं, सगळ्यांनाच होतं."

"सगळ्यांस होतें तर ती कां विचारील, मूर्ख?" त्यांचा आवाज चढला, मग बसला. "मी तरी कुठें विचारलें. आपण दोघी शेंगदाण्याची चटणी खात बसलों."

मला वाटलं, त्या उठतील आणि आत जाऊन सगळं सांगतील. नेहमी माझं बोलणं त्याच करायच्या. पण त्या उठल्या नाहीत.

"मी सांगणार नाहीं," त्या म्हणाल्या. "कां म्हंटलें तर, आज मी सांगीन, उद्यां कोण सांगेल? ऐक. मी पुढल्या वेळीं येत नाहीं."

त्यांच्या नव्या डबीबरोबर घरी ठेवायचं एक यंत्र दिलं होतं. उशाशी ठेवलं की ते आपोआप दवाखान्याला सगळं कळवतं. वर्षात एकदा आलं तरी चालतं, आणि तेही तंजावरच्या दवाखान्यात. तिथं त्यांची मुलगी असते. त्या तिच्याकडं राहायला निघाल्या होत्या. मला सांगायचं त्यांनी शेवटच्या घासापर्यंत ठेवलं होतं.

 "बरं झालं," म्हटलं.

"नाहीं झालें बरें," अक्का म्हणाल्या. "हें तुझें 'बरें' आधीं टाक." मग त्यांनी मला एक वाक्य शिकवलं. कळुत्तुल तुडिक्कुदु. गळ्यात उडतं. तिथंच चार वेळा म्हणून घेतलं, शाळेतल्यासारखं. माझ्या फाईलच्या मागं मोठ्या आकड्यांत फोन नंबर लिहिला. "भरती होशील तेव्हां आधीं हें म्हण. डबी बदलली म्हणजे मग पुन्हा दहा वर्षें तीच वायर. समजलें?"

समजलं होतं. त्या आठवड्यात मी ते वाक्य भांड्यांशी बोलले, भिंतीशी बोलले. रविवारी मुलगा आला, त्याला सांगावं म्हणून त्याच्या ताटाजवळ बसले.

"आई, डबी बदलायला एक दिवस लागतो म्हणे. मी दुपारनंतर सुट्टी टाकलीय. तुला काही त्रास नाही ना तसा?"

त्याचे डोळे झोपेनं मिटत होते. बोटांच्या पेरांत तेलाची काळी रेघ. हेही असेच यायचे, बोटं तेजाबानं पिवळी पडलेली.

"नाही," मी म्हटलं. "आमटी वाढू का?"

आणि मनात हेही होतं, की दुसरी वायर मागणं म्हणजे ह्यांचं चुकलं म्हणणं. माणूस जाऊन सहा वर्षं झाली. त्याची चूक आता दवाखान्यात उघडी करायची? घरात त्यांच्या फोटोकडं मी तो आठवडाभर नीट बघितलं नाही.

भरतीच्या सकाळी बसनं एकटीच गेले. हिरवा गाऊन घालून खाटेवर बसले. त्याच तरुण डॉक्टरीण बाई सहीचा कागद घेऊन आल्या. त्यांनी वाचून दाखवलं, डबी बदलणे, जुनी वायर कायम. मी सही करते, अंगठा नाही. पेन हातात घेतलं. मान धप धप करत होती.

"कळुत्तुल तुडिक्कुदु," मी म्हटलं.

इतकं हळू, की त्यांनी वाकून विचारलं, "काय अम्मा?"

मी परत म्हटलं. मग एकदा सुटल्यावर मोडक्यातोडक्या शब्दांत, हातवारे करून, सातवी पायरी, चौदावी पायरी, पाण्याच्या कळशा, डोळ्यापुढची अंधारी, सगळं सांगितलं. मला माझाच आवाज परका वाटत होता.

त्यांनी माझी फाईल उघडली. पानामागून पान. "अम्मा, दहा वर्षं प्रत्येक वेळी ठीक लिहिलंय. परवा मलाही ठीकच सांगितलंत."

"पोय," मी म्हटलं. खोटं.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. तपासणाऱ्या बाई आल्या, ठोकळा छातीवर ठेवला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. मशीनची गती कमी केली, माझं हृदय आपलं आपण चालेल एवढी. आणि माझी मान थांबली.

दहा वर्षांत पहिल्यांदा. मी हात लावून बघितलं. गळा म्हणजे नुसता गळा होता. मग त्यांनी मशीन परत पूर्वीसारखी केली, धप धप सुरू झालं आणि पट्ट्यावरचा रक्तदाब खाली उतरला. मोठे डॉक्टर म्हणाले, "बघा." ते मला नाही, त्या तरुण बाईंना म्हणाले. पण मग खुर्ची ओढून माझ्यापाशी बसले आणि सावकाश सांगितलं. खालचा कप्पा मशीनच्या तालावर, वरचा आपल्या. दोघं एकाच वेळी दाबतात तेव्हा वरच्या कप्प्याचं रक्त खाली जायच्या ऐवजी उलटं मानेकडं फेकलं जातं. दुसरी वायर घातली तर हे थांबायला हवं. आयुष्य वाढेल असं सांगत नाही, वर्षं बहुतेक तेवढीच. दिवस बरे जातील. मात्र वायर सरकू शकते, पू होऊ शकतो. "काय करायचं ते तुम्ही सांगा."

मला अक्कांची दोनदा उघडलेली छाती आठवली. ह्यांचं एक बोट आठवलं. ह्यांनी विचारलं होतं ते वर्षांबद्दल, आणि त्याचं उत्तर त्यांना बरोबरच मिळालं होतं. दिवसांबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि दिवस कसे जातात ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. मशीन बसल्यानंतरची चार वर्षं एका खोलीत होतो.

मी दोन बोटं वर केली.

तरुण डॉक्टरीण बाई नवा कागद आणायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमचा तो फॉर्म मी दुरुस्त करते." त्या गठ्ठ्यात माझ्यासारख्या आणखी किती 'बऱ्या' बायका असतील, असं माझ्या मनात आलं. ते मला तमिळमध्ये सांगता आलं नसतं.

मुलगा दुपारी आला तेव्हा सगळं झालं होतं. "दोन वायरी? का? मला का नाही सांगितलंस?" तो घाबरून विचारत होता. मी म्हटलं, "तू विचारायचास, मी खोटं सांगायची." तो चार दिवस सुट्टी काढून राहिला, भात करपवला, मग त्याला जावं लागलं.

हाताला जोर द्यायचा नाही म्हणून महिनाभर जपले. वायर आपल्या जागी आहे, असं तपासणीत सांगितलं. त्या दिवशी बाकावर मी एकटीच बसले. चटणी आणलीच नव्हती.

परत आले आणि जिना चढले. सातवी पायरी गेली. चौदावी गेली. एकोणिसाव्या पायरीवर उभी राहिले तेव्हा मला कळलं की मी थांबले नाही. हातात किल्ली होती. आत कुणी नव्हतं, की ज्याला म्हणावं, बघा हो, थांबले नाही मी.

कुलूप काढून आत बसले. संध्याकाळ होत होती. मान गप्प. मी गळ्याला हात लावून बसले आणि काही लागलं नाही. बरं करून घेतल्यावर मला इतका एकटेपणा येईल असं वाटलं नव्हतं. ते धप धप वाईट होतं, मला आतून उलटं ढकलत होतं, पण होतं.

फाईल काढली. मागचा नंबर. मी आपणहून कुणाला फोन केल्याचं मला आठवत नाही. बोटानं एकेक आकडा दाबला. दोनदा चुकला. मग लागला.

"कोण?" मागं कुकरची शिट्टी.

"मी, अक्का."

"अगे! कशी आहेस?"

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं. ते मी गिळलं.

"पायऱ्या न थांबता चढले आज," मी म्हटलं. "पण घरात फार शांत आहे, अक्का. करमत नाही."

तिकडं कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"थांब," अक्का म्हणाल्या. "कुकर उतरवून येतें. ठेवूं नको."

फोन कानाला धरून मी बसले. तिकडच्या स्वयंपाकघरातली भांडी ऐकू येत होती.